एकट्याची सागरप्रदक्षिणा

इ. स. १८९२ मधील हिवाळ्याचे दिवस होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील फेअरहेवन नावाच्या लहानशा गावी एक मध्यमवयीन कप्तान जहाज पाहण्यासाठी येऊन दाखल झाला. देवमाशांची शिकार करणारा एक वृद्ध कप्तान त्याच्या ओळखीचा होता. आपल्यापाशी एक जहाज आहे, ते तुला देतो. मात्र त्याची थोडी डागडुजी करावी लागेल, असे त्या वृद्धाने त्याला सांगितले होते. परंतु पाहुणा येऊन पाहतो तो काय! जहाज पाण्यात नव्हते, धक्क्यालाही नव्हते. समुद्रापासून काही अंतरावर, एका शेतात, लाकडांचे टेकू देऊन ते उभे केलेले होते आणि वरून जाड कापडाने झाकलेले होते. गेली सात वर्षे ते तसेच पडून होते. त्या जुनाट नौकेचे नाव होते ‘स्प्रे’. स्प्रे म्हणजे लाटांचे तुषार. या स्प्रेला मात्र तुषारांचा स्पर्श होऊन कितीतरी काळ लोटला होता.

त्या पाहुण्या कप्तानाचे नाव जोशुआ स्लोकम. मोडीत काढण्यापलीकडे जिचा काही उपयोग उरला नाही असे सर्वांना वाटत होते, त्याच नौकेतून स्लोकमने पुढे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी घालणारा तो जगातील पहिला मनुष्य होय. त्यानंतर ही प्रदक्षिणा अनेकांनी केली, त्याच्याहून कमी वेळात केली, वाटेत कोठेही न थांबता केली. तरीसुद्धा दर्यावर्दी लोक आजही त्याचे नाव आदराने घेतात. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या प्रवासात जेवढे आहे, तेवढेच त्या प्रवासाच्या तयारीतही आहे.

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया या प्रांतात झाला. त्याच्या आईचे वडील दीपगृहाचे रखवालदार होते. समुद्राचा घोष कानांवर घेतच हा मुलगा लहानाचा मोठा झाला. घरची स्थिती बेताची आणि भावंडे पुष्कळ. त्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली व वडिलांच्या दुकानात बूट तयार करण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पण कातडे आणि सुई-दोरा यांत त्याचे मन रमेना. सोळाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि तो जहाजावर खलाशी झाला. पाहून, विचारून आणि स्वतः पुस्तके वाचून त्याने नौकानयनाची विद्या हस्तगत केली. पुढे तो मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला.

परंतु दैव सदा अनुकूल राहत नाही. १८८४ मध्ये त्याची पत्नी व्हर्जिनिया प्रवासातच निवर्तली. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याचे जहाज वाळूत रुतून फुटले आणि त्याची सारी पुंजी त्या जहाजाबरोबर गेली. परमुलखात, हाती पैसा नसताना, बायकामुलांसह घरी परतावे कसे? स्लोकमने मुलाच्या मदतीने स्वतःच एक नौका बांधली. ब्राझीलमधील गुलामांची मुक्तता झाली त्याच दिवशी, म्हणजे १३ मे १८८८ रोजी, ती पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव ‘लिबर्दाद’, म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले. त्या लहानशा नौकेतून हे कुटुंब सुमारे ५,५०० मैलांचा प्रवास करून सुखरूप अमेरिकेला पोहोचले.

तथापि घरी परतल्यावर स्लोकमसमोर निराळेच संकट उभे राहिले. जगभर वाफेच्या जहाजांचा प्रसार होत होता. शिडाच्या जहाजांना मागणी राहिली नव्हती. मग त्यांच्या कप्तानांना कोण विचारणार? ज्या विद्येत आयुष्य घालवले ती विद्याच निरुपयोगी ठरावी, यासारखे दुःख नाही. अशा वेळी त्याच्या हाती आली ती शेतात पडलेली स्प्रे. एकीकडे जगाला नकोशी झालेली नौका आणि दुसरीकडे जगाला नकोसा झालेला नाविक, अशी ती गाठ पडली!

स्लोकमने कुऱ्हाड उचलली. जवळच उभे असलेले ओकचे झाड तोडून त्याने नौकेचा कणा घडवला. लाकडांना वाफ देऊन, ती वाकवून त्याने फासळ्या तयार केल्या. एकेक कुजलेली फळी काढायची आणि तिच्या जागी नवी बसवायची, असा क्रम सुरू झाला. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून त्याने ते पाणी शिरणार नाही असे केले. येणारेजाणारे गावकरी थांबत, काम न्याहाळत आणि विचारत, “हे परवडेल का?” तो एकच प्रश्न त्याला वर्षभर ऐकावा लागला. तेरा महिन्यांनी काम पुरे झाले. सारा खर्च आला ५५३ डॉलर व ६२ सेंट. नौकेची लांबी सुमारे ३७ फूट आणि रुंदी १४ फूट होती. जुन्या नौकेतील बहुतेक प्रत्येक भाग आता बदललेला होता. बदलले नव्हते ते तिचे नाव.

२४ एप्रिल १८९५ रोजी स्लोकमने बोस्टन बंदर सोडले. त्या वेळी त्याचे वय ५१ वर्षांचे होते. पोटासाठी बिस्किटे, सुकवलेले मासे, बटाटे, चहा आणि कॉफी बरोबर होती. अर्थात, एकट्या माणसाला महासागर ओलांडायचा असेल तर अन्नपाण्याची सोय करून भागत नाही. त्याच्यापुढे आणखी तीन मोठे प्रश्न असतात. आपण झोपल्यावर सुकाणू कोणी धरावे? अथांग पाण्यात आपण नेमके कोठे आहोत हे कसे ओळखावे? आणि महिनोन्‌महिने माणूस दृष्टीस पडला नाही तर मन ताळ्यावर कसे राखावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नौकेच्या बांधणीतच होते. शिडाच्या नौकेवर वारा जोर करतो तेव्हा पुढचे शीड तिचे तोंड वाऱ्यापासून दूर ढकलते, तर मागचे शीड ते वाऱ्याच्या दिशेने वळवू पाहते. ही दोन्ही बले सारखी झाली की नौका आपली दिशा सोडत नाही. स्प्रेचा कणा लांब व सरळ असल्यामुळे ती मुळातच सहसा भरकटत नसे. स्लोकम शिडे कमीजास्त ताणून हा तोल साधी, सुकाणू दोरीने बांधून टाकी आणि निश्चिंतपणे झोपी जाई. हिंदी महासागरात कीलिंग बेटांकडे जाताना २,७०० मैलांचे अंतर त्याने २३ दिवसांत कापले. त्या अवधीत त्याला सुकाणूपाशी जेमतेम तीन तास बसावे लागले!

या गुणाचा प्रत्यय त्याला प्रवासाच्या प्रारंभीच आला होता. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर लोकांनी त्याला प्लम नावाची फळे आणि पांढरे चीज भेट दिले. भुकेच्या भरात त्याने त्यावर यथेच्छ ताव मारला. मग काय, पोटात असह्य कळा येऊ लागल्या आणि तो खोलीतील जमिनीवर ग्लानीत पडला. बाहेर वादळ माजले होते. त्या स्थितीत त्याला असा भास झाला, की कोलंबसाच्या ‘पिंटा’ या जहाजाचा सुकाणूधारी आपल्या नौकेवर आला असून तोच तिला हाकत आहे. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन पाहतो तर स्प्रे आपल्या मार्गाने बिनचूक चालली होती. रात्रीत तिने ९० मैल मजल मारली होती. तो सुकाणूधारी म्हणजे तापाने थकलेल्या मनाचा खेळ होता. खरा सुकाणूधारी होता तेरा महिन्यांचा तो कसून केलेला परिश्रम.

दुसरा प्रश्न स्थाननिश्चितीचा. आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला वा दक्षिणेला आहोत, हे दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून काढता येते. पूर्व-पश्चिम स्थान, म्हणजे रेखांश, काढण्यासाठी मात्र घड्याळ लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. म्हणून आपली स्थानिक वेळ आणि ग्रिनिचची वेळ यांतील अंतर समजले की रेखांश समजतो. पण घड्याळ चार मिनिटे चुकले, तर विषुववृत्ताजवळ स्थान ६० सागरी मैलांनी चुकते! म्हणून नाविक अत्यंत अचूक असे भारी किमतीचे घड्याळ वापरीत. स्लोकमजवळ असे एक जुने घड्याळ होते. पण त्याच्या दुरुस्तीला १५ डॉलर पडणार होते. तेवढे पैसे खर्चणे त्याला पटले नाही. त्याने दीड डॉलर किमतीचे एक पत्र्याचे घड्याळ, त्याची तबकडी फुटलेली होती म्हणून, एका डॉलरला विकत घेतले.

मग त्याचे भागले कसे? आकाशातील घड्याळ त्याला वाचता येत होते. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. सूर्यापासून किंवा एखाद्या ताऱ्यापासून तो किती अंतरावर आहे हे मोजले आणि कोष्टकांच्या साहाय्याने गणित केले, तर ग्रिनिचची वेळ कळते. ही पद्धत किचकट खरी, पण स्लोकमने ती अभ्यासलेली होती. पॅसिफिक महासागरात, जमीन दिसेनाशी झाल्याला ४३ दिवस झाले असता, त्याने असेच गणित मांडले. उत्तर त्याच्या अंदाजापासून शेकडो मैल दूर आले. त्याने पुन्हा मोजमाप घेतले. तरी उत्तर तसेच. दुसरा कोणी असता तर छापील पुस्तकावर विश्वास ठेवून त्याने आपला अंदाज बदलला असता. स्लोकमने कोष्टकेच तपासली आणि त्यांतील आकड्यांत चूक असल्याचे शोधून काढले. ती दुरुस्त करून त्याने गणित केले, आणि लवकरच नुकुहिवा बेट अपेक्षित ठिकाणी क्षितिजावर दिसू लागले. त्याच्या गणितात पाच मैलांचाही फरक पडला नव्हता. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाने मिळवलेले हे ज्ञान होते, हे विसरता कामा नये.

तिसरा प्रश्न एकांताचा. आपण बोलणे विसरून जाऊ, या भीतीने प्रथम स्लोकम नसलेल्या खलाशांना मोठमोठ्याने हुकूम सोडीत असे. पण रिकाम्या समुद्रावर तो आवाज त्याचा त्यालाच पोकळ वाटू लागला. मग त्याने तो नाद सोडला आणि गाणी म्हणण्यास प्रारंभ केला. त्याच्यापाशी पुस्तके होती. स्वयंपाक, शिवणकाम आणि डागडुजी ही कामे तर कधी संपतच नसत. रात्री उडणारे मासे नौकेवर येऊन पडत, ते सकाळच्या न्याहारीला उपयोगी येत. ज्याचे हात कामात असतात, त्याला एकांत खायला उठत नाही, याचा प्रत्यय त्याला रोज येत होता.

त्याचा मार्गही आखल्याप्रमाणे सरळ राहिला नाही. प्रथम तो पूर्वेकडे जिब्राल्टरपर्यंत गेला. भूमध्य समुद्रातून सुएझ कालव्यामार्गे जावे, असा त्याचा बेत होता. परंतु तिकडे चाच्यांचे भय आहे, असे तेथील इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनी त्याला सांगितले. स्लोकमने हट्ट धरला नाही. त्याने नौका वळवली आणि सारा अटलांटिक पुन्हा ओलांडून पश्चिमेकडून प्रदक्षिणा करायचे ठरवले. पुढे उरुग्वेच्या किनाऱ्यावर स्प्रे वाळूत रुतली. तिला ओढून काढण्यासाठी नांगर घेऊन तो लहान होडीत बसला असता होडी उलटली. तेव्हा त्याला आठवण झाली, की आपल्याला पोहता येत नाही! होडीची कड घट्ट धरून राहिल्यामुळेच त्याचे प्राण वाचले. यातून शिकायचे एवढेच, की मोठ्या माणसांच्याही हातून उणिवा राहून जातात, आणि त्यांचे अनुकरण करू नये.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीत त्याची खरी कसोटी लागली. त्या भागात बाहेरून आलेले वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात वैर माजले होते. एकट्या नौकेवर हल्ला होण्याचा धोका होता. पुंता अरेनास येथे सॅम्ब्लिच नावाच्या एका सहृदय गृहस्थाने त्याला गालिच्याला ठोकायच्या अणकुचीदार खिळ्यांची पिशवी दिली. रात्री झोपण्यापूर्वी स्लोकम ते खिळे टोके वर करून नौकेवर पसरून ठेवी. एका रात्री काही लोक चोरपावलांनी वर चढले. क्षणात किंकाळ्या उठल्या आणि सर्व जण उड्या टाकून पसार झाले. स्लोकमला बंदुकीवर कोणाचा जीव घेण्याची वेळ आली नाही. त्याआधी एका भयंकर वादळाने त्याला पॅसिफिकमधून मागे लोटले होते. लाटा फुटून पांढरे झालेल्या खडकांच्या मधून त्याने एक काळरात्र कशीबशी काढली, आणि तीच सामुद्रधुनी त्याला पुन्हा चढून जावी लागली. शिडांच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या शिवून तो पुढे निघाला.

त्यानंतर सामोआ, ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागरातील मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिका असा त्याचा प्रवास झाला. आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांची व त्याची भेट झाली. क्रूगर यांची अशी श्रद्धा होती, की पृथ्वी सपाट आहे. त्यामुळे ‘पृथ्वीभोवती’ प्रवास हे शब्द त्यांना मुळीच रुचले नाहीत! सेंट हेलेना बेटावर कोणी स्लोकमला एक बकरी भेट दिली. त्या बकरीने दोर तर कुरतडलेच, पण वेस्ट इंडीज बेटांचा नकाशाही खाऊन टाकला. अखेर २७ जून १८९८ रोजी स्प्रे अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात शिरली. तीन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवसांत तिने ४६,००० मैलांचा प्रवास पुरा केला होता. काही दिवसांनी स्लोकम तिला फेअरहेवनला घेऊन गेला आणि ती ज्या खुंटाजवळून पाण्यात उतरली होती, त्याच खुंटाला त्याने तिला बांधले.

१९०० मध्ये त्याचे प्रवासवर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात बढाई नाही. संकटांची हकीकतही तो हसतखेळत सांगतो. त्या पुस्तकाने देशोदेशीच्या माणसांना सागराची वाट दाखवली. हॅरी पिजन या अमेरिकन गृहस्थाने स्वतःच्या हातांनी नौका बांधली आणि १९२१ ते १९२५ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए याने आपल्या नौकेला ‘जोशुआ’ हेच नाव दिले.

या परंपरेचा एक धागा आपल्या मुंबईलाही येऊन मिळतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज नाविकाने आपली ३२ फुटी ‘सुहैली’ नौका मुंबईत सागवानी लाकडातून बांधवून घेतली. १९६८ साली, वाटेत कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा लागली. नऊ जण निघाले. मोआतेसिएही त्यांत होता. पण परत पोहोचले ते एकटे नॉक्स-जॉन्स्टन. २२ एप्रिल १८९९ नव्हे, तर १९६९ रोजी, म्हणजे स्लोकमनंतर सुमारे सत्तर वर्षांनी, मुंबईत घडलेल्या त्या नौकेने न थांबता एकट्याने केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात आले, की एखाद्या भारतीयानेही असा प्रवास करावा. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ते आव्हान स्वीकारले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही नौका बांधण्यात आली. स्लोकमप्रमाणेच दोंदे यांनीही नौका घडताना जवळून पाहिली, आणि नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली. २०१८ च्या स्पर्धेत वादळात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना गंभीर दुखापत झाली. तरी पुन्हा उभे राहून त्यांनी २०२२-२३ च्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच पृथ्वीला फेरी घातली.

स्लोकमचा शेवट मात्र गूढ आहे. १९०९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ६५ व्या वर्षी, तो स्प्रे घेऊन दक्षिणेकडे निघाला. त्यानंतर तो किंवा ती नौका कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. समुद्र कोणाचाही मिंधा नसतो. उत्तम नाविकालाही तो अभय देत नाही. म्हणूनच स्लोकमकडून घ्यायचे ते नुसते धाडस नव्हे. एकेक फळी पारखून बसवणे, छापील आकडाही तपासून पाहणे, धोका दिसताच बेत बदलणे आणि फाटलेले शीड शिवून पुन्हा मार्गाला लागणे, हे त्याचे खरे बळ होते. या गोष्टी समुद्रावर न जाणाऱ्यालाही साधण्यासारख्या आहेत.

“हे परवडेल का?” असे फेअरहेवनचे लोक त्याला विचारीत. हिशेबाच्या एका बाजूला ५५३ डॉलर व ६२ सेंट लिहिलेले आहेत. दुसऱ्या बाजूला प्रथम स्प्रेचे नाव आले, मागून जोशुआ, सुहैली, म्हादेई, तारिणी अशी नावे येत गेली. ती बाजू अद्याप पुरी झालेली नाही.